पहारा बदलताना

श्रोतेहो, गावाच्या वेशीवर दोन पहारेकरी नेमले आहेत अशी कल्पना करा. एक जागा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो आणि कोण कोणत्या कामासाठी बाहेर गेला ते वहीत टिपतो. तो माणूस परतला, की पुन्हा चौकशी नको. वहीत नाव आहे, जाऊ द्या आत! दुसरा पहारेकरी शेजारच्या ओसरीवर बसलेला. त्याने पहिल्याच्या वहीची नक्कल करत राहायचे आणि त्याच्या हाकेकडे कान ठेवायचा. हाक थांबली, की हा वेशीवर उभा राहिलाच.

बँकेत, रुग्णालयात, महाविद्यालयात जे संगणकांचे जाळे असते, त्याच्या तोंडाशी असाच पहारा असतो. त्या यंत्राला फायरवॉल म्हणतात. मूळ अर्थ, एका घराची आग दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. जिथे काम थांबून चालत नाही तिथे अशी दोन यंत्रे जोडीने बसवतात.

आता तुम्ही म्हणाल, दोन यंत्रे आहेत, मग काळजी कसली? काळजी आहे ती यंत्रे सुधारताना. चोर नव्या युक्त्या शोधतात, यंत्रातल्या आज्ञावलीत उणिवा सापडतात आणि उत्पादक सुधारित आवृत्ती देतो. ती बसवली, की यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागते. त्यात काही मिनिटे सहज जातात.

आमच्या महाविद्यालयात एकदा परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची मुदत होती. "एकदाच उरकून टाकू," म्हणून आम्ही दोन्ही यंत्रे एकदमच सुधारायला घेतली. दोन्ही बंद! लांबच्या गावांहून एस.टी.ने आलेली मुले खिडकीसमोर ताटकळत उभी. यंत्रे दोन होती हो, पण आम्ही त्यांना एकासारखे वागवले. चूक यंत्रांची नव्हती, आमची होती.

मग योग्य रीत कोणती? आधी उत्पादकाचे माहितीपत्रक वाचावे. जुन्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर जाता येते, की मधला टप्पा घ्यावा लागतो? एक यंत्र जुने आणि एक नवे असताना वहीची नक्कल चालू राहते का? हे पाहून घ्यावे. दोन्ही यंत्रांच्या नियमांची प्रत काढून ती यंत्राबाहेर जपून ठेवावी. काम संपेपर्यंत नियमांत बदल करू नये. आणि वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडून लोकांना आधी कळवावे.

यानंतर ओसरीवरचे, म्हणजे राखीव, यंत्र प्रथम सुधारावे. वेशीवरचे यंत्र तोवर काम करीतच असते. राखीव यंत्र पुन्हा चालू झाले तरी घाई नको. त्याच्या तारा जुळल्या का, आवृत्ती नवी दिसते का, वहीची नक्कल पूर्ण झाली का, हे तपासावे. नक्कल कोरी असताना पहारा बदलला, तर चालू असलेली कामे तुटतात.

मग आपण होऊन पहारा बदलावा. यासाठी व्हीआरआरपी नावाचा एक संकेत १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नेहमीच्या मांडणीत दर सेकंदाला एक हाक जाते. यंत्र अचानक पडले, तर दुसऱ्याला ते कळायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. पण पहिल्याने "मी उतरतो" असे सांगून जागा सोडली, तर दुसरा सेकंदाच्या आत उभा राहतो. पुढे ओपनबीएसडी या संगणक-प्रणालीने वहीची नक्कल करणारी पीएफसिंक ही सोय २००३ मध्ये आणि पहारा बदलणारी कार्प ही सोय २००४ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

पहारा बदलल्यावर खरी कामे करून पाहावीत. अर्ज भरला जातो का? बँकेचे पान उघडते का? काही बिघडले, तर जुने यंत्र अजून तसेच आहे. त्याला परत वेशीवर आणावे. परतीची ही वाट मोकळी राहावी म्हणून दुसऱ्या यंत्राला लगेच हात लावायचा नाही. खात्री पटली, की मगच ते सुधारावे. मात्र काही यंत्रांत एक खोड असते. मूळचे मुख्य यंत्र चालू होताच आपली जागा परत हिसकावून घेते. ही सवय काम सुरू करण्यापूर्वीच बंद करून ठेवावी.

दोन इशारे देतो. एक यंत्र बंद असते, तेवढा वेळ जोडीचा आधार नसतो. आणि दोघांमधली हाक पोचवणारी तार तुटली, तर दोघेही "मीच पहारेकरी" म्हणून उभे राहतात आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून ती तार आधी तपासावी. इतके करूनही एखादा दुवा क्षणभर तुटू शकतो. खंड कमीत कमी करता येतो, तो अजिबात पडणार नाही अशी हमी देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात दोन मुलांना दाराशी उभे करून, हाती एकेक वही देऊन हा खेळ करून पाहा. वहीची नक्कल न करता पहारा बदलला तर काय होते, ते मुलेच तुम्हाला सांगतील. जोडी नुसती असून भागत नाही. एकाने काम नीट हाती घेतल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्याने खांद्यावरचे ओझे उतरवायचे असते.