कॅन्सर: जनुकाइतकीच जोडणीही तपासा

कॅन्सरचे मूळ जनुकांतल्या बिघाडात असते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या बिघाडाचे आपल्या मनातले चित्र फार सोपे असते: मूळ मजकुरात ‘ध’चा ‘मा’ झाला आणि प्रथिन बिघडले. प्रत्यक्षात सगळी अक्षरे जागच्या जागी असताना, नक्कल उतरवताना एखादे कलमच गळाले, तरी हुकूम फिरतो. पेशीतली ही नक्कल म्हणजे आरएनए. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी 1977 मध्ये दाखवून दिले की जनुकाचा मजकूर सलग नसतो. प्रथिनाची माहिती देणाऱ्या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात आणि त्यांच्या मधल्या भागांना इंट्रॉन. पेशी इंट्रॉन कापून टाकते आणि एक्सॉन जोडते, हेच स्प्लायसिंग. या शोधाला 1993 मध्ये नोबेल मिळाले. जोडणीत फेरफार करून पेशी एकाच जनुकापासून वेगवेगळी प्रथिने घडवते. बीसीएल-एक्स या जनुकाचे लांब प्रथिन पेशीला जगवते, तर आखूड प्रथिन तिला मरणाकडे नेते. हा तोल लांब प्रथिनाकडे झुकला की मरायला हवी ती पेशी तगून राहते.

फुप्फुसाच्या कॅन्सरमधले मेट हे जनुक या बाबतीत बोलके आहे. त्याचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाढीचा संदेश आत पोचवते. काम झाले की त्याला मोडीत काढायचे असते. त्यासाठीची खूण चौदाव्या एक्सॉनमध्ये असते. काही रुग्णांत हा एक्सॉन वगळला जातो आणि तेरावा थेट पंधराव्याला जोडला जातो. प्रथिनातून 47 अमिनो आम्ले कमी होतात, बाकी सारे शाबूत राहते. ते कामही नीट करते. फक्त थांबत नाही. यावर कोणी म्हणेल की अखेर ही चूक डीएनएतलीच. खरे आहे, पण त्यातले अनेक बदल एक्सॉनच्या सीमेपलीकडे, इंट्रॉनमध्ये असतात. त्या जागी प्रथिनाची माहितीच नसते. त्यांचे नुकसान जोडणीतूनच उतरते, म्हणून आरएनए तपासला की डीएनए चाचणीतून निसटलेले काही रुग्णही सापडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅन्सरच्या पेशीत सगळाच गोंधळ असतो. मग चुकलेली जोडणी कारण कशावरून, परिणाम कशावरून नाही? बऱ्याच फेरफारांबाबत हा आक्षेप रास्तही असेल. मात्र 2011 मध्ये रक्तपेशी नीट न घडण्याच्या एमडीएस या आजारात जोडणी करणाऱ्या यंत्रणेचीच जनुके बिघडलेली आढळली. एसएफ3बी1 या त्यांतल्या एका जनुकात बदल पुन्हा पुन्हा ठरावीक जागी, विशेषतः 700 व्या अमिनो आम्लापाशी, होतो. जनुकाची दुसरी प्रत सहसा धड राहते. यंत्रणेतले असे दोन बिघाड एकाच पेशीत क्वचितच दिसतात. निव्वळ गोंधळाला इतकी शिस्त नसते. शिवाय मेटला रोखणाऱ्या कॅपमॅटिनिब या औषधाने एक्सॉन वगळला गेलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी 68 टक्के जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. अमेरिकेत त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली. मूळ कारणावर बोट पडल्याशिवाय असे होत नाही.

मग जोडणीची यंत्रणाच औषधाने का रोखू नये? कारण ती निरोगी पेशींनाही हवीच असते, आणि तिच्यावर थेट मारा करणाऱ्या औषधांनी आतापर्यंत फारसे यश दिलेले नाही. स्नायू दुबळे करणाऱ्या एसएमए या आजारात 2016 पासून वापरात असलेले नुसिनर्सेन एकाच जनुकाची जोडणी सुधारते. पण ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचता येते, तर कॅन्सरच्या गाठी शरीरभर विखुरलेल्या असू शकतात. म्हणून आजचा मोठा लाभ निदानात आहे. प्रोस्टेट कॅन्सरच्या 2014 मधल्या एका अभ्यासात हार्मोनविरोधी औषधे घेणाऱ्या 62 रुग्णांपैकी 18 जणांत एआर-व्ही7 ही बदललेली नक्कल सापडली. या नकलेच्या प्रथिनात औषध ज्याला लक्ष्य करते तो भागच नसतो. त्या 18 पैकी एकाचेही पीएसए (या कॅन्सरची रक्तातली खूण) पुरेसे उतरले नाही. आरएनए चाचणीचा खर्च वाढतो, हे मान्य. पण लागू न पडणाऱ्या औषधावर पैसा आणि महिने घालवणे त्याहून महाग पडते. जिथे चाचणीच्या निकालावर उपचार ठरतात, तिथे तरी ती नेहमीच्या तपासणीचा भाग व्हायला हवी.