हॅचच्या जंगलात हरवलेली अक्षरे

यवतमाळ आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेवरचे इसापूर धरण मातीचे आहे. दिग्रसजवळचे अरुणावती आणि बाभूळगाव तालुक्यातले बेंबळा हीसुद्धा मातीचीच. अशा धरणाच्या छेदाचे ड्रॉइंग म्हणजे रेघांची दाटी. मधोमध चिकण मातीचे हार्टिंग, दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, आत वाळूचा फिल्टर, पायथ्याशी रॉक टो. प्रत्येक थराला वेगळे हॅच: कुठे तिरप्या रेघा, कुठे ठिपके, कुठे दगडांचे आकार. आणि या सगळ्यावर नावे लिहायची.

नाव वाचता येत नाही म्हटल्यावर अक्षर मोठे करण्याकडे बहुतेकांचा कल असतो. त्याने फारसे साधत नाही. डच संशोधक हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की नजरेच्या कडेला पडलेले अक्षर ओळखता येणे हे शेजारच्या खुणा त्याच्यापासून किती दूर आहेत यावर फार अवलंबून असते. शेजारी फार जवळ आले की मेंदू त्यांची आणि अक्षराची वळणे एकत्र कालवून टाकतो. छेदावर नजर फिरवून नाव शोधताना हेच होते. अक्षराला उंचीइतकीच मोकळी हवाही लागते.

बोर्डावर शाईने काम करणारे ड्राफ्ट्समन ही हवा आपसूक ठेवत. आधी अक्षरे लिहायची, मग त्यांना वळसा घालून हॅच मारायचे. एसपी ४६ ही भारतीय मानकांची पुस्तिकाही सांगते की मजकूर बाहेर नेणे शक्य नसेल तर त्याच्यापाशी हॅच तोडा. संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९८२ मध्ये आले आणि पुढे रेघा मारणे इतके स्वस्त झाले की क्रमच उलटला: आधी हॅच, मग त्याच्या डोक्यावर नाव.

उपाय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. एमटेक्स्टला, म्हणजे त्यातल्या मजकुराच्या चौकटीला, बॅकग्राउंड मास्क दिला की अक्षरांमागे कागदाच्या रंगाची पट्टी येते आणि हॅच तिच्याखाली झाकले जाते. पट्टी किती पसरावी हे ऑफसेट फॅक्टर ठरवतो. तो १ असेल तर पट्टी मजकुराला चिकटून बसते, १.५ ठेवला तर अक्षराच्या उंचीच्या निम्म्याने बाहेर सरकते. हॅच नंतर टाकले असेल तर मात्र ते पट्टीच्या वर चढून बसू शकते, म्हणून ड्रॉऑर्डर, म्हणजे कोण कोणाच्या वर हा क्रम, तपासून मजकूर पुढे आणावा लागतो.

देवनागरीत लिहायचे तर ऑफसेट थोडा सढळ हाताने ठेवावा असे माझे मत आहे. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. शिवाय पाणीपातळीची आडवी रेघ शिरोरेखेला लागली की दोन्हींची एकच रेघ होते. ठिपक्यांचे हॅच तर भलतेच खोडकर. ‘खडी’च्या डोक्यावर नेमका एक ठिपका पडला की तिची ‘खंडी’ होते!

मास्कचा एक धोकाही आहे. तो हॅच झाकतो तशी थराची सीमारेषाही झाकतो, आणि हार्टिंग कुठे संपते हे ज्या रेघेवरून कळायचे तीच गायब होते. तिथे मास्क नको. नाव मोकळ्या जागेत काढावे आणि तिथून थरापर्यंत नेणारी रेघ, म्हणजे लीडर, टाकावा. त्यालाही नियम आहे: टोक वस्तूच्या आत थांबत असेल तर ठिपका, कडेवर टेकत असेल तर बाण. ठिपक्यांच्या हॅचमध्ये हा ठिपका ठसठशीत भरलेला नसेल तर तोही हरवतो.

स्क्रीनवर झूम करता येते म्हणून सगळेच वाचनीय वाटते. पण साइटवर बहुधा ए-वनची ए-थ्री झेरॉक्स जाते, म्हणजे लांबी-रुंदी निम्मी. अडीच मिलिमीटरचे अक्षर सव्वा मिलिमीटरचे होते, भोवतालची मोकळी जागाही तेवढीच आक्रसते. ड्रॉइंग अशा प्रतीवर जाणार हे माहीत असेल तर पाच मिलिमीटरपासूनच सुरुवात करावी, आणि सही करण्याआधी एक ए-थ्री काढून ती हातभर अंतरावरून वाचून पाहावी.