कपाळावरचा ठिपका

आमच्या हॉस्टेलमध्ये कोणाचा फोटो जरा बरा आला की लगेच विचारणा होते, "फोटोशॉप मारलंस ना?" फेस्टिवलची पोस्टर्स करता करता मीही हे 'मारणं' शिकलो. मग सुट्टीत रीतसर शिकावं म्हणून अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला एका क्लासला जाऊ लागलो. महिन्याभरात मित्रांच्या मुरुमांपासून मागच्या दोरीवर वाळणाऱ्या टॉवेलपर्यंत काहीही गायब करता येऊ लागलं. हॉस्टेलमध्ये भाव वधारला. आणि त्याच भरात आजीचा फोटो माझ्या हातात आला.

आजीचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात नव्हता. गावी काकांकडे लग्नातला एक ब्लॅक अँड व्हाइट ग्रुप फोटो सापडला. कसर लागलेला, ओल आलेला. बाबा म्हणाले, "तू ते शिकतोयस ना? मग यातून आमच्या आईचा फोटो काढून दे."

पहिला प्रश्न आकड्यांचा. फोटोत आजीचा चेहरा जेमतेम अर्धा इंच. फ्रेममध्ये तो दोन इंच हवा. चांगल्या छपाईला इंचाला साधारण ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे चेहऱ्यासाठी ६०० पिक्सेल. ते अर्ध्या इंचातून मिळवायचे तर स्कॅन १२०० डीपीआयला करायला हवा. कमी डीपीआयला स्कॅन करून मग कॉम्प्युटरवर मोठा केला तर पिक्सेल वाढतात, पण माहिती वाढत नाही. दुधात पाणी घालून दूध वाढवण्यातलाच तो प्रकार. मी १२०० ला स्कॅन केला आणि काकांचा फोटो परत पाठवून दिला. इथवर सगळं बरोबर होतं.

मग डाग काढायला बसलो. त्यासाठी दोन हत्यारं असतात. क्लोन स्टँप एका जागेचे पिक्सेल उचलून जसेच्या तसे दुसऱ्या जागी चिकटवतो. हीलिंग ब्रश त्याहून हुशार. तो पोत एकीकडून घेतो, पण उजेड आणि रंग जिथे लावायचा तिथल्या कडेशी जुळवून घेतो. कडेवरचा फरक आतपर्यंत हळूहळू पसरवायचा, अशी ती युक्ती. गिंपमध्ये तर त्यासाठी चक्क लाप्लासचं समीकरण सोडवलं जातं. ज्याला परीक्षेत आपण शिव्या घालतो, तोच लाप्लास इथे पुटकुळ्या घालवतो!

दोन रात्री जागून मी चेहरा लख्ख केला. बाबांना प्रिंट दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "छान झालाय रे. पण ही आई वाटत नाही."

"का हो?"

"गोंदण कुठंय?"

आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरव्या गोंदणाचे ठिपके होते. ब्लॅक अँड व्हाइट फोटोत ते करडे दिसत होते, अगदी बुरशीच्या डागांसारखे. ब्रशला शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळं काय तेवढंच कळतं. गोंदण कोणतं आणि बुरशी कोणती, हे त्याला कळणार नाही. मला कळायला हवं होतं. मी तिच्या मांडीवर वाढलो होतो, पण त्या दोन रात्री मी आजी पाहतच नव्हतो, डाग पाहत होतो.

परत फिरावं म्हटलं तर वाटच नव्हती. मी मूळ लेयरवरच काम केलं होतं आणि त्याच नावाने जेपीजी सेव्ह करत गेलो होतो. १९९२ साली मान्य झालेलं हे जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारीक तपशील टाकून देतं. म्हणून फाइल लहान होते. पण टाकलेलं परत येत नाही, आणि प्रत्येक सेव्हला थोडं आणखी जातं.

आपल्या गोरेगावच्या चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे, ते दादासाहेब फाळके एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून पडद्यावर चमत्कार दाखवत. त्यांना 'अनडू' नव्हतं. चूक झाली की फिल्म वाया. आपल्याला अनडू आहे, म्हणून आपण बेफिकीर. पण फाइल बंद केली की आपलंही अनडू संपतं.

काका पुढच्या खेपेला फोटो परत घेऊन आले. या वेळी मूळ स्कॅन टिफमध्ये वेगळा ठेवला. सगळी दुरुस्ती त्यावरच्या कोऱ्या लेयरवर केली. ओएचपीच्या पारदर्शक शीटसारखा तो लेयर चुकला तर उचलून टाकता येतो. आणि मुख्य म्हणजे बाबांना शेजारी बसवलं. ते स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होते, "हा डाग काढ. ही सुरकुती राहू दे. हा व्रण चुलीचा, तोही राहू दे." चुलीचा व्रण मला माहीतच नव्हता. त्या संध्याकाळी आजीबद्दल मी जेवढं ऐकलं, तेवढं आधीच्या वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता मोबाइलवर एका टिचकीत जुने फोटो नवे होतात. जिथे माहितीच नाही तिथे ती अ‍ॅप्स स्वतःच्या अंदाजाने डोळे, दात, कातडी भरतात. दिसतं छान, पण तो माणूस आपलाच असेल याची खात्री नाही. ती खात्री ओळखणाऱ्यालाच करावी लागते.

तेव्हा मंडळी, सुट्टीत घरी गेलात की ट्रंकेतला एक तरी जुना फोटो स्कॅन करा. मूळ फाइलला हात लावू नका. घरातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा. सॉफ्टवेअर महाग वाटत असेल तर गिंप फुकट आहे, १९९५ मध्ये आपल्यासारख्याच दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं होतं. तरी अडलंच, तर माझ्या खोलीवर या. चहा मात्र तुमचा.