कोणत्या खाचरात कोणते भात?

मे महिना उलटत आला की घोटीच्या बाजारात बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. राब भाजून झालेले असतात, बांध धरलेले असतात, आणि जो भेटेल तो एकच विचारतो, "यंदा काय टाकायचं?" दुकानदार विचारतो, "किती पिशव्या देऊ?" तुमचे खाचर कसे आहे हे काही तो विचारत नाही, आणि त्याने ते विचारावे अशी अपेक्षाही करू नये. खाचर तुमचे, त्याची नाडी तुम्हालाच ठाऊक. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, दुकानाची पायरी चढण्याआधी हा विचार घरीच करून जाऊ या.

आपल्या इगतपुरी तालुक्यात भाताचे तीन वर्ग पूर्वापार चालत आले आहेत : हळवे, निमगरवे आणि गरवे. साधारण १०० ते १२० दिवसांत तयार होते ते हळवे, १२० ते १३५ दिवसांचे निमगरवे आणि त्याहून जास्त दिवस घेणारे गरवे. हे दिवस राबात बी टाकल्यापासून मोजायचे, आवणीपासून नव्हे. पुष्कळांचा हिशेब इथेच चुकतो, आणि तीन आठवड्यांची चूक भाताच्या पिकात लहान नसते.

आता जरा बोटांवर मोजून पाहा. १५ जूनला बी टाकले असे धरा. ११५ दिवसांचे हळवे भात ८ ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येईल. १३८ दिवसांचे गरवे भात येईल ३१ ऑक्टोबरला. भात निसवल्यापासून पिकायला सुमारे एक महिना लागतो. म्हणजे हळवे निसवणार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि गरवे ऑक्टोबर उजाडताना. आपल्याकडून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. तेव्हा गरव्या भाताचा दाणा भरायचा तो नेमका पाऊस निघून गेल्यावर. मग त्या दिवसांत त्याला पाणी कोण देणार? जमिनीत मुरलेली ओल, नाहीतर वरून झिरपत येणारे पाणी. ते नसेल तर ओंबी दिसायला लांबलचक, पण आत नुसता कोंडा.

ही गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी इंद्रायणीला भाव चांगला म्हणून मी एकाच पिशवीतले बी दोन ठिकाणी लावले : एक नाल्याकाठचे खालचे खाचर, दुसरे टेकाडाला लागून असलेले वरचे. ऑगस्टपर्यंत दोन्हीकडचे पीक सारखेच हिरवेगार. वडीलधारी माणसे म्हणाली होती, "वरच्याला हळवंच टाक रे बाबा." मी ऐकले नाही. त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता पाऊस गेला. खालच्या खाचरातले भात ओंब्यांनी वाकले आणि वरचे ताठ उभे राहिले. भाताने ताठ उभे राहणे हे काही चांगले लक्षण नव्हे! झोडपणी केली तेव्हा खळ्यावर दाण्यापेक्षा पोचटच जास्त उडाले. वर्षभराच्या खाण्यातली तूट त्या हिवाळ्यात विकत घेऊन भरावी लागली.

कोणी म्हणेल, इगतपुरीत आणि पाण्याची वाण? इथे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो! खरे आहे. पण घाटमाथ्याची जमीन उतरणीची, थर पातळ, खाली मुरूम किंवा कातळ. जितका धो धो पडतो तितकाच धो धो वाहून जातो. उलट पूर्वेला मुकणे, वाडीवऱ्हेकडे पाऊस बराच कमी. पण तिथे जमीन खोल, आणि ज्यांच्या हाताशी धरणाचे किंवा विहिरीचे पाणी आहे ते ऑक्टोबरात एखादे पाणी देऊ शकतात. म्हणून नुसते पावसाचे आकडे पाहून जात ठरवू नये. घटस्थापनेच्या सुमारास पाऊस चार दिवस उघडला म्हणजे प्रत्येक खाचरात उतरा आणि टाच दाबून पाहा. टाच रुतली, खड्ड्यात पाणी जमले, तर ते खाचर गरव्याचे. नुसता ठसा उमटला तर निमगरव्याचे. भेगा दिसू लागल्या असतील तर तिथे हळव्याखेरीज दुसरे काही टाकू नका. यंदाची ही पाहणी पुढच्या वर्षासाठी वहीत टिपून ठेवा.

जातींकडे वळू. १९६६ साली फिलिपाईन्समधून आयआर-८ ही बुटकी जात आली आणि भातशेतीचे गणितच पालटले. जुनी भाते उंच. खत जास्त झाले की लोळायची. बुटके भात खत पचवून उभे राहते. १९६८ मध्ये आलेली जया आणि त्यानंतरची रत्ना या त्याच वळणाच्या. रत्ना हळवी, बारीक दाण्याची. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या कर्जत-१८४ आणि कर्जत-३ याही हळव्याच. पैकी कर्जत-३ चा दाणा आखूड व जाड, पोह्यांना चांगला. इंद्रायणी मावळातल्या वडगावच्या केंद्राची, १९८७ सालची. तिचा एक पालक आंबेमोहोर-१५७ आणि दुसरा तोच आयआर-८. म्हणजे सुवास एकाचा, बुटकेपणा दुसऱ्याचा. ती १३५ ते १४० दिवस घेते, तेव्हा तिला खालचे खाचरच हवे. दाणा भरताना रात्री थंड असल्या की सुवास चांगला उतरतो, आणि आपल्या उंचीवर ऑक्टोबरअखेर तशा रात्री मिळतात. हे देणे फुकट आहे, ते घ्यावे. मधल्या खाचरांसाठी फुले समृद्धीसारखी निमगरवी जात पाहावी.

मात्र वरच्या खाचरात अगदीच लवकरची, शंभर दिवसांची जात टाकण्याचाही मोह नको. ती सप्टेंबरअखेर पिकते आणि परतीच्या सरींत सापडते. पिकलेले भात भिजून लोळले की ओंबीवरच मोड येतात. शिवाय शिवारात एकट्याचेच पिकले तर सगळी पाखरे तुमच्याकडे पंगतीला!

एक बाब जुन्या लोकांकडून ऐकली असेल : "गरवं भात कधीही लावा, निसवतं आपल्या वेळेलाच." त्यात तथ्य आहे. जुन्या गरव्या जातींपैकी पुष्कळ जाती दिवस लहान होऊ लागले की निसवतात. उशिरा लावले तर वाढीचे दिवस कमी होतात, पण निसवण्याची वेळ फारशी हलत नाही. नव्या बुटक्या जाती बहुतेक करून आपले ठरावीक दिवस पुरे करतात. जून कोरडा गेला आणि राब पंधरा दिवस लांबला तर त्यांचे निसवणेही जवळजवळ तितकेच लांबते. तेव्हा पाऊस लांबलाच, तर त्या वर्षापुरते मधल्या खाचरातही हळवे टाकावे. बी आधीच विकत घेऊन ठेवले असेल तर जिवावर येते खरे.

सारी जमीन एकाच जातीखाली आणू नका, असे मी सांगतो ते मजुरांच्या दृष्टीनेही. सगळे एकदम पिकले की विळा धरायला माणूस मिळत नाही, आणि उभे वाळलेले भात घोटीच्या गिरणीत गेले की कणीच फार पडते. लांब बारीक दाण्याचे तर हमखास. ओंबीतले दहातले नऊ दाणे पिवळे झाले की कापावे, काड थोडे हिरवट असले तरी चालते.

शेवटी बियाण्याचे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. ते आणि पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. सरळ जातीचे घरचे बी तीन वर्षे वापरता येते. संकरित भाताचे मात्र एकदाही नाही. घरचे बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ८० तरी उगवले पाहिजेत. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, ढवळा, वर तरंगेल ते काढून कोंबड्यांना घाला. तळाशी बसलेले बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा, आणि मग राबात टाका.