घरविक्रेता, दलाल आणि अधिकाराचे शब्द

'दलाल' हा शब्द मूळचा अरबी. वाट दाखविणे हा अर्थ त्याच्या धातूतच आहे. मराठी व्यवहारातही दलाल गिऱ्हाईक दाखवितो. घर विकतो तो मालकच. हा भेद विक्रेत्याने ध्यानी ठेवल्यास उभयतांचा व्यवहार पुष्कळ सुकर होतो.

'आमचे घर विकून द्या' या वाक्यात अनेक क्रिया सामावलेल्या असतात : जाहिरात करणे, घर दाखविणे, भावाची बोलणी करणे, विसार स्वीकारणे. यांपैकी कोणत्या क्रियेचा अधिकार दलालास दिला, हे वाक्यावरून कळत नाही. आणि पुढील तंट्याचे बीज येथेच पडते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २११ नुसार अभिकर्त्याने मालकाच्या सूचनांप्रमाणे वागावयाचे असते. सूचना नसल्यास त्या स्थळी त्या धंद्यात जी रूढी असेल तिच्याप्रमाणे. म्हणजे मालक जेथे मौन पाळतो तेथे रूढी बोलू लागते. यास्तव किमान भाव, कामाची मुदत व दलालीचा दर लेखी ठरवावा. दलाली गिऱ्हाईक आणताच देय होते की खरेदीखताची नोंदणी झाल्यावर, हेही त्यात स्पष्ट असावे.

मौनाची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. मालमत्तेतील वा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, परंतु खरेदीदारास साधारण दक्षतेने कळणारा नाही, तो उघड करणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, एरवी करार नसल्यास, विक्रेत्याचे कर्तव्य ठरते. भावाबहिणींचा वाटणीचा दावा दलालापासून लपविला, तर तो अजाणता गिऱ्हाइकास 'हक्क निर्वेध आहे' असे सांगतो. त्या शब्दांचे उत्तरदायित्व मात्र मालकाकडे येऊ शकते.