छोट्या राउटरसाठी आज्ञावली निवडताना

समजा, एका लाकडी फळीवर ‘भौतिकशास्त्र प्रयोगशाळा’ अशी अक्षरे कोरायची आहेत. टेबलावर मावेल एवढा संगणकाने चालणारा राउटर, म्हणजे सीएनसी राउटर, शाळेत येऊन पडला आहे. आता पुढचा प्रश्न : सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? शिक्षक हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारतात. त्यामागची काळजी रास्त आहे. यंत्राचे पैसे एकदाच द्यावे लागतात. आज्ञावलीची वर्गणी मात्र दरवर्षी भरावी लागली, तर ती कोठून आणायची?

आमचे उत्तर असे की, हे काम मुळात एका आज्ञावलीचे नाही. ते तीन निरनिराळ्या कामांचे आहे. ही कामे वेगळी करून पाहिली की खर्चाचा प्रश्न बराचसा सुटतो.

यंत्राला चित्र कळत नाही. त्याला फक्त हालचालीच्या सूचना कळतात. ‘जी १ एक्स ५० वाय २० एफ ६००’ या ओळीचा अर्थ आहे : सरळ रेषेत (५०, २०) या बिंदूपर्यंत जा, वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर. खोलीसाठी झेड हा तिसरा अक्ष असतो. निर्देशक भूमिती शिकलेल्या विद्यार्थ्याला ही भाषा अर्ध्या तासात वाचता येते. तिला जी-कोड म्हणतात. आकड्यांच्या सूचनांवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले. पुढे १९८० साली या भाषेचे आरएस-२७४-डी हे अमेरिकी मानक ठरले. निरनिराळ्या यंत्रांच्या बोलीत थोडा फरक पडतो, पण मूळ भाषा एकच राहते. म्हणूनच एका आज्ञावलीने लिहिलेल्या सूचना दुसरी आज्ञावली यंत्राला वाचून दाखवू शकते.

तीन कामे अशी : आकृती काढणे, आकृतीवरून हत्याराचा मार्ग ठरवणे आणि तो मार्ग यंत्राकडून चालवून घेणे. त्यांना अनुक्रमे कॅड, कॅम आणि नियंत्रण म्हणतात.

शेवटच्या कामापासून सुरुवात करू, कारण तेथे बहुधा काहीच खर्च नसतो. बहुतेक स्वस्त यंत्रांत ग्रबल ही आज्ञावली आधीच भरलेली असते. २००९ साली नॉर्वेमध्ये सुरू झालेली ही मुक्त आज्ञावली आर्डुइनो उनो या साध्या पाटीवर, अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीत बसते. संगणकावरून तिला एकेक ओळ पाठवण्यासाठी युनिव्हर्सल जी-कोड सेंडर ही आज्ञावली फुकट मिळते.

आता आकृती. पाट्या, कोनमापक, नकाशे अशा सपाट कामांसाठी इंकस्केप पुरेसे आहे. जाडी, खाचा आणि जोड असलेल्या वस्तूंसाठी फ्रीकॅड वापरावे. दोन्ही मुक्त आहेत. मराठी शाळेसाठी येथे एक कसोटी महत्त्वाची आहे. राउटरच्या अनेक आज्ञावल्यांत अक्षरे टाकण्याची सोय रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. तेथे ‘स्त्र’सारखे जोडाक्षर सुटे पडते किंवा वेलांटी भलतीकडे जाते. इंकस्केपमध्ये देवनागरी नीट जुळते. ती तेथेच लिहून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या आज्ञेने अक्षरांच्या कडारेषा करून घ्याव्यात.

एवढ्यावर मात्र थांबू नये. आमच्या पहिल्या पाटीत शिरोरेषेवर, प्रत्येक दोन अक्षरांच्या सांध्यापाशी, लाकडाचा बारीकसा कपचा तसाच उभा राहिला होता. यंत्र बिघडले असे आम्हाला वाटले. खरे कारण वेगळे होते. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून देवनागरी टंकात शेजारची अक्षरे एकमेकांवर किंचित चढवलेली असतात. कडारेषा दोनदा ओलांडली गेली की आज्ञावली तो भाग आकृतीच्या बाहेरचा समजते आणि तेथे कोरत नाही. ‘युनियन’ या आज्ञेने सगळी अक्षरे एक केली की हा दोष जातो.

दुसरा धोका मापाचा. इंकस्केप पूर्वी एका इंचात ९० बिंदू धरत असे. २०१७ सालच्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरते. दोन आज्ञावल्यांनी वेगवेगळे आकडे धरले, तर १०० मिलिमीटरची बाजू ९३.७५ किंवा १०६.६७ मिलिमीटर होते. म्हणून कोणतीही नवी जोडी वापरण्याआधी १०० मिलिमीटर बाजूचा चौरस एकीकडून दुसरीकडे नेऊन मोजावा.

खरी पारख मधल्या कामात, म्हणजे मार्ग ठरवण्यात होते. सुतार रेघेवरून करवत चालवत नाही, रेघेच्या बाहेरून चालवतो. कारण करवतीलाही जाडी असते. येथेही तसेच आहे. १०० मिलिमीटर व्यासाची चकती ६ मिलिमीटरच्या बिटाने कापायची, तर बिटाच्या मध्याने १०६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावरून फिरले पाहिजे. तेवढेच भोक पाडायचे, तर ९४ मिलिमीटरच्या वर्तुळावरून. १२ मिलिमीटरचे प्लायवुड एका दमात कापता येत नाही. २-२ मिलिमीटरचे सहा फेरे लागतात. शेवटच्या फेऱ्यात तुकडा सुटून उडू नये म्हणून मध्ये लाकडाचे छोटे पूल ठेवावे लागतात. वेगाचाही हिशेब असतो. बिट मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, त्याला दोन धारा असतील आणि प्रत्येक धारेने ०.०५ मिलिमीटर लाकूड काढावे असे आपण ठरवले, तर वेग येतो ०.०५ × २ × १२,००० = १,२०० मिलिमीटर प्रति मिनिट. यापेक्षा फार सावकाश गेलो तर धार कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते.

हे सगळे फ्रीकॅडच्या कॅम विभागात करता येते. कापण्याआधी पडद्यावर कापून पाहण्याची सोयही त्यात आहे. शिकायला मात्र वेळ लागतो. ब्राउझरमध्ये चालणारे किरी-मोटो हेही मुक्त आहे आणि सोप्या कामांना हाताशी येते. इंग्रजी व्ही आकाराच्या बिटाने सुबक अक्षरे कोरण्याचे काम नेहमीच असेल, तर व्हीकार्व्ह ही विकत मिळणारी आज्ञावली पुष्कळ वेळ वाचवते. तिच्या डेस्कटॉप आवृत्तीत काम २५ × २५ इंचांपर्यंतच करता येते, पण टेबलावरच्या यंत्राला तेवढे पुरते. व्ही-बिटामागचे गणित मात्र साधे त्रिकोणमितीचेच आहे : ६ मिलिमीटर रुंद रेषेला ६०° चा बिट ३ ÷ टॅन ३०°, म्हणजे सुमारे ५.२ मिलिमीटर खोल जातो. विद्यार्थ्यांनी ते आधी वहीत करावे.

फुकट आणि मुक्त यांतला भेद येथे ध्यानात घ्यावा. फ्यूजन ३६० ही समर्थ आज्ञावली हौशी लोकांना घरगुती वापरासाठी फुकट मिळत होती. २०२० साली कंपनीने त्या परवान्यावर नव्या मर्यादा घातल्या : बदल करता येतील अशा चालू आकृत्या दहाच, आणि हवेतून जलद सरकण्याच्या हालचालीही कापण्याच्या वेगाने. परवाना देणाऱ्याला त्याच्या अटी बदलण्याचा हक्क असतोच. पण विद्यार्थ्यांचे तीन वर्षांचे काम अशा एकाच जागी साठवलेले असेल, तर अट बदलली की ते अडकून पडते. मुक्त आज्ञावलीची आज आपल्याकडे असलेली प्रत मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

तेव्हा निवडण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. आकृती एसव्हीजी किंवा डीएक्सएफ अशा सर्वत्र चालणाऱ्या रूपात बाहेर काढता येते का? आपल्या यंत्राच्या बोलीतला जी-कोड लिहून मिळतो का? इंटरनेट बंद असताना काम होते का? आणि देवनागरी नीट उमटते का? चारही उत्तरे ‘हो’ आली, तर किंमत शून्य असली तरी ती आज्ञावली हलकी समजू नये.

पहिल्या दिवशी बिट लावूच नये. त्या जागी एक पेन बांधावे, खाली कागद चिकटवावा आणि बिट फिरवणारी मोटर बंद ठेवून पाटीचा मार्ग चालवावा. अक्षरांचे सांधे, माप, दिशा यांतल्या सगळ्या चुका कागदावर दिसतील आणि नुकसान होईल ते एका कागदाचे. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धुळीचा मास्क चढवून फळीला हात घालावा.