जबलपूरचे मणके

ठगांचा नायनाट करणारा स्लीमन आपणांस इतिहासांत भेटलेला आहे. परंतु भारतांतील डायनोसॉरचीं पहिलीं हाडें त्याच्याच हातीं लागलीं, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. १८२८ सालीं जबलपूर येथें त्याला शेपटीचे अश्मीभूत मणके सांपडले. तेव्हां 'डायनोसॉर' हा शब्दच जन्मला नव्हता. ओवेननें तो १८४२ सालीं घडविला!

हे मणके पुढून खोलगट व मागून चेंडूसारखे गोल. ही खूण अपूर्व मानून लायडेकरनें १८७७ सालीं त्या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असें नांव दिलें. लांब मानेचा, चार पायांवर चालणारा हा शाकाहारी प्राणी. त्याचीं हाडें ज्या लमेटा खडकांत पुरलीं गेलीं, त्यांवर मागाहून आपल्या दख्खनचा काळा पाषाण पसरला.

पुढें मूळ मणके दृष्टीआड झाले. त्यांतील एक २०१२ सालीं कोलकात्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांत पुन्हां हातीं आला. पण तत्पूर्वींच, २००३ सालीं, विल्सन व अपचर्च या शास्त्रज्ञांनीं नांव बाद ठरविलें होतें, कारण ती खूण इतर अनेक जातींतही आढळली. निर्णय रास्तच, तरी मनाला रुखरुख लागते. 'टायटॅनोसॉर' हें कुलनाम मात्र टिकलें. अर्जेंटिनांतील अजस्र प्राणीही आज त्याच कुळांत मोडतात.